सही करणारा हजर नसतो तेव्हा

फ्लॅट नवऱ्याच्या नावावर. घरात बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. नवरा अचानक गेला आणि मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अशा घरात बहुतेकांची समजूत असते की फ्लॅट आता बायकोचा झाला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार तो चौघांचा होतो, प्रत्येकाचा पाव हिस्सा. मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गाची वारस असते, वडील नसतात, हे पुष्कळ सुशिक्षित घरांतही माहीत नसतं. पुढे सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या, की त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या बाकीच्या मुलामुलींमध्ये आणि या गेलेल्या मुलाच्या मुलांमध्ये वाटला जातो. म्हणजे ज्या घराचे हप्ते नवराबायकोने पोटाला चिमटा घेऊन फेडले, ते विकायचं झालं तर दीर आणि नणंदांच्या सह्या लागतात. मुलं अज्ञान (अठरा वर्षांखालची) असतील तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. यात कुणीही वाईट वागलेलं नसतं. माणसाने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, म्हणून कायद्याने आपली ठरलेली वाटणी लावलेली असते.

बाईच्या मिळकतीबाबत हीच वाटणी जास्त कठोर आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली, तर कलम १५ प्रमाणे तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क तिच्या नवऱ्याच्या वारसांचा येतो; तिचे आईवडील त्यानंतर. फक्त आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणातल्या बाईला लग्नानंतर थोड्याच दिवसांत वैधव्य आलं आणि सासरने घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली, पैसे साठवले. ते पैसे शेवटी गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. सहानुभूती असली तरी कायद्याचं कलम स्पष्ट आहे, असं न्यायालयाने म्हटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचं जाहीर आवाहन केलं, ते याच कलमामुळे. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, घटस्फोटित किंवा मूल नसलेल्या प्रत्येक बाईने हे काम साठीची वाट न बघता करावं, असं मला कळकळीने वाटतं. दोन साक्षीदार आणि एक कागद, एवढ्यावर हे सगळं बदलता येतं.

मात्र हा कागद इतर कागदांसारखा नाही. विक्रीखतावर वाद झाला तर विकणारा कोर्टात येऊन सांगतो, ही सही माझी. मृत्युपत्र वाचलं जातं तेव्हा ते लिहिणारा जगात नसतो. सही त्याचीच होती का, तेव्हा तो शुद्धीवर होता का, कुणी दबाव आणला का, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तो देऊ शकत नाही. म्हणून मृत्युपत्र घरच्यांसाठी लिहायचं नसतं. आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसासाठी ते लिहायचं असतं: दिवाणी न्यायाधीश, सोसायटीचा सचिव, बँकेच्या शाखेतला अधिकारी, गावचा तलाठी. कुणाला काय द्यायचं हे ठरवायला एक संध्याकाळ पुरते. खरं काम असतं ते या अनोळखी माणसांना पटेल असा पुरावा मागे ठेवण्याचं.

कायद्याची किमान अट साधी आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन करायचं. स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोटरीची गरज नाही. भाषा कोणतीही चालते, कागद साधा चालतो, हाताने लिहिलेलंही चालतं. साक्षीदाराने एक तर करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा 'ही सही माझी आहे' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं; आणि साक्षीदाराने स्वतःची सही करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत केलेली असावी. सगळ्यात जास्त मृत्युपत्रं अडकतात ती या शेवटच्या अटीवर. दादांनी सकाळी सही केली, मग मुलगा कागद घेऊन शेजारच्या काकांकडे गेला आणि काकांनी आपल्या ओट्यावर बसून सही केली. कागद दिसायला व्यवस्थित असतो. दहा वर्षांनी उलटतपासणीत काका खरं तेच सांगतात आणि मृत्युपत्र तिथेच पडतं. म्हणून दोन्ही साक्षीदार एकाच वेळी एकाच खोलीत असावेत, कायद्याने तशी सक्ती नसली तरी; आणि शेवटी हे वाक्य असावं: 'वरील मृत्युपत्रकर्त्याने आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष आणि एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या.' प्रत्येक पानावर करणाऱ्याची सही हवी. खाडाखोड झाली तर त्या जागी करणाऱ्याची आणि साक्षीदारांचीही सही हवी. त्यापेक्षा ते पान नव्याने काढलेलं बरं.

साक्षीदार कसा असावा? आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पत्ता सहसा न बदलणारा, कोर्टात उभं राहायला न घाबरणारा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ नुसार मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार, तो हयात आणि उपलब्ध असेल तर, न्यायालयात यावाच लागतो. जिवलग मित्र प्रेमाने सही करतो, पण तोही आपल्याच वयाचा असतो. साक्षीदाराला मजकूर वाचू द्यायची गरज नाही. तो सहीचा साक्षीदार असतो, वाटणीचा नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला साक्षीदार करू नये. ख्रिस्ती आणि पारशी माणसाच्या बाबतीत अशी देणगी कलम ६७ ने रद्दच होते (हे उत्तराधिकार अधिनियमाचं ६७, वर आलेलं साक्ष अधिनियमाचं). हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला आयतं कारण मिळतं.

संशय हा शब्द इथे कायद्याच्या अर्थाने महत्त्वाचा आहे. एच. वेंकटचल अय्यंगार या १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. थरथरती सही, आजारपणातली तारीख, सगळं एकालाच देणं आणि कारण न लिहिणं, ज्याला लाभ होणार त्यानेच वकील गाठणं, मसुदा करून आणणं, साक्षीदार बोलावणं: आजही न्यायालयं याच गोष्टी बघतात. सगळं घर धाकट्याला द्यायला कायद्याची काहीच हरकत नाही. मात्र मग थोरल्याचं नाव मृत्युपत्रात आलंच पाहिजे. 'थोरला मुलगा यास शिक्षणासाठी व व्यवसायासाठी मी हयातीत पुरेशी मदत केली आहे, म्हणून या मिळकतीत त्यास हिस्सा दिलेला नाही' एवढं एक शांत वाक्य पुरतं. ज्याला वगळलं त्याचा उल्लेखच नसेल, तर करणाऱ्याला स्वतःचं मूलही आठवत नव्हतं असा युक्तिवाद होतो, आणि तो कधीकधी टिकतो. रागाची चार पानं लिहू नयेत. त्यांतलं प्रत्येक विशेषण उलटतपासणीत वापरलं जातं, आणि ते वाचून घायाळ होणारं माणूस आपलंच असतं.

वय सत्तरीच्या पुढे असेल किंवा मोठं दुखणं होऊन गेलं असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच तारखेचं प्रमाणपत्र घ्यावं: रुग्णाला वेळ, स्थळ, व्यक्ती यांचं भान आहे आणि आपण काय करतो आहोत हे समजतं. डॉक्टरच एक साक्षीदार झाले तर उत्तम. मजकूर इंग्रजीत आणि करणाऱ्याला फक्त मराठी येत असेल, तर तो मराठीत वाचून व समजावून दाखवला अशी नोंद हवी. त्यापेक्षा मराठीतच लिहावं. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आपली शेवटची इच्छा असण्याचं काही कारण नाही.

मिळकतीचं वर्णन अनोळखी माणसाला ओळखता येईल असं हवं. 'पुण्याची जागा' पुरत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, इमारत, मजला, क्षेत्रफळ, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, खरेदीखताचा दस्त क्रमांक व वर्ष. शेतजमीन असेल तर मौजे, तालुका, जिल्हा, गट क्रमांक, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, आणि सामाईक खातं असल्यास आपला हिस्सा. मिळकत आपल्याकडे कशी आली हेही एका ओळीत लिहावं, कारण देण्याचा अधिकार त्यावर ठरतो. स्वकष्टार्जित सगळं देता येतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला फक्त आपला हिस्सा देता येतो, आणि त्यात मुलीही जन्माने सहहिस्सेदार आहेत. २००५ च्या दुरुस्तीने त्या तशा झाल्या, आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट झालं. 'आजोबांची ती वडिलोपार्जितच' हे मात्र सरसकट खरं नाही. आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत १९५६ नंतर वडिलांना वारशाने आली, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते आणि ते ती कुणालाही देऊ शकतात.

काही गोष्टी देताच येत नाहीत. मुंबईतल्या पागडीच्या खोलीची भाडेदारी त्यांत पहिली. ती मृत्युपत्राने जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवलं आहे. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जाते मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. गिरगाव-लालबागच्या चाळींत कितीतरी मृत्युपत्रांत ही खोली वाटून दिलेली सापडते. कूळकायद्याने मिळालेली, कलम ४३ ची (परवानगीशिवाय हस्तांतर न करण्याची) अट असलेली जमीन बिगर-शेतकऱ्याला मृत्युपत्राने देता येत नाही, हे याच १९४८ च्या कायद्यावर गुजरातमधल्या प्रकरणात २०२० मध्ये ठरलं.

एक वाक्य मात्र घरोघरच्या मृत्युपत्रांत असतं आणि घरोघर भांडण लावतं: 'माझ्या पश्चात फ्लॅट पत्नीच्या मालकीचा होईल व तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना समान मिळेल.' पत्नी जर मालक झाली, तर तिच्या पश्चात काय व्हायचं ते तीच ठरवणार. नवऱ्याच्या कागदातला दुसरा भाग मग कशाच्या बळावर उभा राहणार? यावर पिढ्यान् पिढ्या दावे चालले आहेत. दोनपैकी एक निवडावं. तिला पूर्ण मालकी द्यायची असेल तर 'विक्री, गहाण, बक्षीस, मृत्युपत्र यांसह संपूर्ण मालकीने' म्हणावं आणि तिथे थांबावं. तसं नको असेल तर 'तहहयात राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क, विक्रीचा अधिकार नाही' असं लिहून मालकी मुलांना द्यावी. मला पहिला पर्याय जास्त न्याय्य वाटतो. सत्तरीतल्या बाईला दवाखान्यासाठी पैसे हवे असताना राहत्या घरावर मुलांच्या सह्या मागाव्या लागणं फार क्लेशाचं असतं.

ज्याला दिलं तो आपल्या आधी गेला तर कुणाला, हे प्रत्येक देणगीपुढे लिहावं. शेवटी उर्वरित मिळकतीचं कलम असावं: 'वर न नमूद केलेली व पुढे मिळणारी माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत अमुक यांस.' हे कलम नसेल तर मृत्युपत्रानंतर घेतलेली मुदत ठेव किंवा म्युच्युअल फंड पुन्हा १९५६ च्या वाटणीत जातो. आणि मृत्युपत्र अमलात आणणारा एक व्यवस्थापक नेमावा, ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात. तो वारस असला तरी चालतं, पण भारतात राहणारा असावा आणि त्याला आधी विचारलेलं असावं.

नॉमिनी लावला म्हणजे झालं, या समजुतीने जेवढं नुकसान केलंय तेवढं कशानेच नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो. ते कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हे पुन्हा सांगितलं. गृहनिर्माण सोसायटीत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी केवळ तात्पुरता सभासद होतो, वारस ठरेपर्यंत. आयुर्विम्यात मात्र वेगळं आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम सहसा त्यांचीच होते, आणि विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी मृत्युपत्राच्या कक्षेबाहेरच राहते. भविष्यनिर्वाह निधीत लग्नाआधी आईच्या नावे केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर निरर्थक होतं. नवं करावं लागतं. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात, ठेवींसाठी टक्केवारीनेही. मृत्युपत्र आणि ही सगळी नामनिर्देशनं एकाच दिशेला असावीत. मृत्युपत्रात मुलगी आणि बँकेत नॉमिनी भाऊ असला, की बहीणभावंडांत जे होतं ते कुणालाही नको असतं.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात शुल्क नाममात्र असतं, फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातात; माणूस अंथरुणाला खिळला असेल तर गृहभेटीची सोय आहे. करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही, नंतर मृत्यूचा दाखला दाखवून मिळते. म्हणजे मूळ प्रत हरवली किंवा कुणी फाडली तरी मजकूर उरतो. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं मात्र नाही. साक्षीदार तरीही लागतो. आणि नोंदवलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही रद्द होतं. म्हणून नव्या मृत्युपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द' असं यावं.

मागे राहिलेल्यांची वाट आता थोडी सोपी झाली आहे. मुंबईतली मिळकत किंवा मुंबईत केलेलं हिंदू, बौद्ध, जैन, शीख, पारशी माणसाचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या अधिनियमातलं ते कलम २१३ काढून टाकलं. प्रोबेट घेता येतंच, आणि वाद दिसत असेल तर घ्यावं. एकदा मिळालं की मृत्युपत्र खरं की खोटं हा प्रश्न मिटतो. गावाकडे वारसाने तीन महिन्यांत वर्दी, म्हणजे खबर, द्यायची असते. नोंदी वारस नोंदवहीत होतात, फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, ती महसुलाची नोंद आहे. मृत्युपत्रच नसेल तर बँकेतल्या मोठ्या रकमांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि इतर कामांसाठी वारस दाखला कोर्टातून आणावा लागतो. हा दाखला आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो.

'त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू' असं बरेच जण म्हणतात, कारण महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. पण नोंदणी झाली त्या दिवशी घर आपलं राहत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ मदतीला येतं ते प्रामुख्याने सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली असेल तेव्हा. डोक्यावर दुसरं छप्पर नसेल तर राहतं घर हयातीत देऊ नये. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं.

मुसलमान व्यक्तीला अंत्यविधी आणि देणी वजा जाता एक तृतीयांशच मृत्युपत्राने देता येतं, आणि सुन्नी परंपरेत वारसाला द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते. गोव्यात २०१२ च्या वारसा कायद्यात जुनी पोर्तुगीज चौकट कायम आहे: समाईक मिळकतीतला अर्धा भाग मुळातच जोडीदाराचा, उरलेल्या अर्ध्यातला अर्धा मुलांसाठी राखीव, आणि मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे. सावंतवाडीच्या माणसाचं पेडण्यात घर असेल तर दोन्हीकडचा सल्ला घ्यावा. परदेशातल्या मुलांना वारशाने शेतजमीनसुद्धा मिळू शकते, विक्रीचे पैसे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. फक्त आईने दिलेलं कुलमुखत्यारपत्र आईबरोबरच संपतं. त्यावर नंतर केलेली एकही सही टिकत नाही.

मृत्युपत्राबरोबर एक वेगळी यादी ठेवावी: बँका आणि शाखा, लॉकर, डीमॅट, फंडांचे फोलिओ, विमा पॉलिसी, कर्जं, कुणाला उसने दिलेले पैसे, मूळ दस्त कुठल्या कपाटात आहेत, मृत्युपत्राचा दस्त क्रमांक आणि साक्षीदारांचे फोन. खात्यावर दहा वर्षं काही हालचाल नसली की ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, सात वर्षं न घेतलेला लाभांश आणि त्याचे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत. परत मिळतात, पण ते आहेत हे कुणाला तरी माहीत असावं लागतं. ही यादी मृत्युपत्राचा भाग नाही, तिला साक्षीदार लागत नाहीत, ती दर वर्षी आयकर विवरणपत्र भरताना बदलता येते. तिची एक प्रत व्यवस्थापकाकडे असावी. मूळ मृत्युपत्र मात्र फक्त आपल्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण तो लॉकर उघडायलाच मग वारस कोण हे आधी सिद्ध करावं लागतं.